पाट वाहता ठेवणारी माणसं

दापोलीहून हर्णैच्या रस्त्याला लागलं की सहा-सात किलोमीटरवर आसूद येतं. आसूदबागेतून पोफळींच्या सावलीत उतरायचं, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडायचा आणि समोरच्या डोंगरात पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात जायचं, ही वाट कित्येकांच्या पायाखालची आहे. देवळाजवळच्या गोमुखातून बारा महिने पाणी पडतं. चढून दमलेला माणूस ओंजळ भरून पितो, फोटो काढतो आणि परत फिरतो. या वेळी मी गोमुखाच्या मागे काय आहे ते पाहिलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून तिथवर आणलेलं आहे. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. तो उतार ज्यांनी धरला त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

आसूद मला वाटेत लागलं. मी निघाले होते खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत. तिथलं एक मंडळ दरवर्षी पावसाळा सरला की गावचा जुना पाट साफ करतं, तो पाहायचा होता. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पाट हे तिथलं पिण्याचं पाणी आहे. सुट्टीत गाड्या भरून माणसं आली आणि पाय सोडून बसली, तर वाडीला ते निस्तरणं कठीण आहे. मंडळींनीही तशीच विनंती केली.

दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली की थोड्या वेळात धोपावे येतं. खाडी वाशिष्ठीची. बोटीत उभी असताना दर वेळी मला कोयना आठवते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळी गावाच्या बाजूला आणतात, त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. हे पाणी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 अब्ज घनफूट एवढी मंजुरी दिली. एवढं पाणी याच खाडीतून समुद्राला मिळतं, आणि खाडीच्या दोन्ही बाजूंच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. वर आभाळातून पडणारा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा. पण जांभा पाणी धरत नाही, उतार तीव्र, नद्या आखूड. जूनमध्ये पडलेलं पाणी बघता बघता खाडीत. हे सगळं डोक्यात असलं की डोंगराच्या कुशीतून हातभर रुंदीचं पाणी वाडीपर्यंत आणणं म्हणजे काय, ते कळतं.

वाडीत पोचले तेव्हा माणसं कामाला लागलेलीही होती. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. खजिनदार वहिनी कोकम आणि आमसुलांचा घरगुती धंदा करतात. मुंबईहून आलेले पाच-सहा चाकरमानी, दोन कॉलेजची मुलं, आणि पाटाखालच्या नारळी-पोफळीच्या आगरांचे मालक. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या कोयती, कुणाच्या डोक्यावर घमेलं. "ताई, चपला काढा आणि पाटातनंच चला," गुरुजी म्हणाले. "काठावरनं चाललात तर काठ ढासळतो."

मग आम्ही वरच्या पऱ्यापर्यंत पाटातूनच चढत गेलो. पाट बहुतेक ठिकाणी जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला आहे, मधे कातळ लागला तिथे कातळच खोदून नाळ काढली आहे. एका ओढ्यावर पूर्वी पोफळीच्या पोखरलेल्या खोडाची पन्हळ होती. ती दर दोन-तीन वर्षांनी कुजायची आणि बदलायची. पुढे कुणीतरी चिऱ्यांचे दोन खांब उभे करून त्यावर दगडी पन्हळ टाकली, ती अजून उभी आहे. पाटाच्या सुरुवातीला पऱ्यावर बंधारा घालतात: मोठे धोंडे, त्यांच्या फटीत भाताचा पेंढा आणि चिकणमाती. पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून जातो, आणि तो जावा अशीच रचना आहे, नाहीतर पुराचं पाणी पाटात घुसून सगळं फोडून टाकेल. कृषी विद्यापीठाकडून आलेली दगड आणि प्लास्टिकच्या कापडाच्या बंधाऱ्याची पद्धतही मंडळाने वापरून पाहिली आहे. त्यात गळती कमी होते, फक्त पावसाआधी कापड आठवणीने काढून घ्यावं लागतं.

गळती शोधायचं काम वहिनींचं. त्यांच्या ओच्यात भाताचं तूस होतं. पाण्यात चिमूटभर सोडायचं आणि त्याच्याबरोबर चालायचं. तूस सरळ वाहत राहिलं तर पाट शाबूत. एका ठिकाणी ते काठाकडे ओढलं गेलं, गरगरलं आणि दिसेनासं झालं. वहिनी खाली बसल्या, कोपरापर्यंत हात घातला. "कुर्लीनं बीळ केलंय." कुर्ली म्हणजे खेकडा. खालच्या अंगाला गवत हिरवंगार होतं, तिथून पाणी झिरपत होतं. चिकणमातीत पेंढा तुडवून गोळे तयार ठेवलेले होते. आधी बारीक खडे, मग मातीचा गोळा, मग टाचेने दाबत दाबत भरणी. पुन्हा तूस सोडलं. ते त्या जागेवरून सरळ निघून गेलं, तेव्हाच वहिनी उठल्या. पाटाच्या सगळ्या लांबीवर त्या असंच चालल्या. कुर्ली पुन्हा बीळ करणार, वहिनी पुन्हा येणार. याला दुरुस्ती म्हणण्यापेक्षा राखण म्हणावं.

सिमेंट का नाही, हे मी विचारलं, आणि त्यावर चांगलीच चर्चा झाली. मधे एकदा सरकारी निधीतून पाटाचा एक तुकडा सिमेंटने गुळगुळीत करून मिळाला होता. काही पावसाळ्यांत सिमेंटचा थर एकीकडे आणि चिरा एकीकडे अशी स्थिती झाली. जांभा सच्छिद्र, ओलावा घेतो आणि सोडतो. सिमेंट कडक, ते ओल अडवून धरतं, मग मागचा चिरा भुसभुशीत होऊन झडतो. जुना बांध चुन्यातला आहे. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करत. चुना चिऱ्याबरोबर थोडा हलतो, बारीक तडा गेला तर तो काही अंशी स्वतःच भरूनही काढतो. मंडळाने आता ठरवलंय की जुन्या चिऱ्यांच्या भागात चुनाच वापरायचा. माझंही मत तेच. पण चुना मळणारे हात कमी झालेत, हे खरं दुखणं आहे.

दुपारी देवळाच्या सभामंडपात जेवण झालं. भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. भिंतीवर पाळीचा फळा होता: कुणाच्या आगराला कोणत्या दिवशी, दिवसा की रात्री पाणी. आधी पिण्याची टाकी, मग गुरांची डोण, मग आगरं. हा क्रम कुणी मोडत नाही. एकेकाळी पाळी होती म्हणूनच पाट साफ असायचा. आपल्या पोफळींना पाणी कमी आलं की माणूस आपसूक फावडं घेऊन वर जायचा. मग विहिरींवर पंप बसले. अलीकडे जल जीवन मिशनमध्ये घरोघरी नळ आले. नळाचं कुणालाच वाईट वाटत नाही, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पण शिंपण्यासाठी पंप आणि पिण्यासाठी नळ झाल्यावर पाटाकडे कोण बघणार? काही वर्षं पाट पाचोळ्याने भरून पडला होता. मग एका मेमध्ये नळयोजनेची विहीरच तळाला गेली. त्या उन्हाळ्यात जुन्या लोकांनी पाट मोकळा केला आणि मंडळाची सुरुवात तिथे झाली.

मंडळ नोंदणीकृत आहे. सात जण जमले की 1860च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात तिला 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातही यावं लागतं. म्हणजे दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. वहिनींकडे पावत्यांची फाईल आहे: पहारी, घमेली, चहा-साखर, चुना, एका मजुराची दोन दिवसांची मजुरी. कुणालाही मानधन नाही. एवढ्याशा पाटासाठी हा व्याप कशाला, असं मला वाटलं होतं. उत्तर गुरुजींनी दिलं, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच.

पाट कुणा एकाच्या जमिनीतून जात नाही. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावं, अर्धे मुंबई-पुण्यात. जमिनी विकल्या जातात, नवा मालक बंगल्याला कंपाऊंड घालतो, आणि पाट भिंतीत अडतो. एकदा असं झालंही. तेव्हा मंडळाने वकिलाकडे धाव घेतली. 1882च्या सुखाधिकार कायद्यात पाण्याच्या वहिवाटीचा हक्क वीस वर्षांच्या अखंड, उघड वापराने पक्का होतो. पण हा वापर दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आतपर्यंत चालू असावा लागतो. "म्हणजे काय ताई," गुरुजी म्हणाले, "पाणी थांबलं की हक्कही सुकायला लागतो." म्हणून मंडळ दरवर्षी पाणी सोडल्याची तारीख वहीत लिहितं, जमलेल्यांच्या सह्या घेतं, फोटो काढतं. नव्या मालकाला ही वही दाखवली. त्याने भिंतीखालून पाटाला वाट ठेवली आणि आता तो सभासद आहे.

चाकरमान्यांमधले एक काका मुलाकडे इंग्लंडला काही महिने राहून आलेत. तिथे त्यांच्या घराजवळून केनेट अँड एव्हन कालवा जायचा. त्याची गोष्ट ते वाडीतल्या मुलांना सांगत होते. मालाच्या होड्यांसाठी खोदलेला तो कालवा 1852 मध्ये रेल्वे कंपनीनेच विकत घेतला, धंदा रेल्वेकडे गेला, कालवा गाळाने भरला आणि विसाव्या शतकात बराचसा बंद पडला. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं चिखल उपसला, दरवाजे बसवले, पैसे जमवले आणि 1990 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. आता तिथे माल जात नाही. लोक होडीतून फिरतात, काठाने चालतात, मासे धरतात. इंग्लंड-वेल्समधल्या दोन हजार मैलांच्या जलमार्गांची देखभाल 2012 पासून एक धर्मादाय न्यास करतो. काका म्हणत होते, तिकडे निवृत्त माणसं दिवसभर दरवाजे उघड-मीट करतात आणि त्यात त्यांना अभिमान वाटतो. ऐकून एक मुलगा म्हणाला, "मग आपल्या पाटाला नवं काम काय द्यायचं?" जेवणं आटोपली तरी ती चर्चा चालूच राहिली. पाटाचं पाणी आता शाळेच्या परसबागेला गेलंय. वणवा लागला तर त्याच पाण्यावर भिस्त आहे. आगरात मिरी आणि जायफळ लावलेल्यांना पुन्हा पाटाची गरज वाटू लागली आहे, कारण विजेचं बिल वाढलंय. मला विचाराल तर यातलं शेवटचंच सगळ्यांत भरवशाचं. ज्याच्या झाडाला पाणी लागतं तो पाट सोडणार नाही.

कोकणातल्या माणसांना पाणी वाहून आणण्याचं वेड जुनंच आहे. श्रीवर्धनहून गेलेल्या पेशव्यांनी कात्रजचं पाणी दगडी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत नेलं, त्याचं कौतुक पुण्यात अजून होतं. या वाडीतल्या पाटाचं कौतुक करणारी बखर नाही. सह्यांची वही मात्र आहे, आणि मला तिचं मोल बखरीपेक्षा कमी वाटत नाही.

संध्याकाळी बैठक झाली. विषय एकच: वळणावरचा जो काठ यंदाच्या पावसात दरडीबरोबर गेला, तिथे काय करायचं? मुलांचं म्हणणं काळा पाइप टाकावा, एका दिवसात काम होतं. गुरुजींचं म्हणणं चिरेबंदीच करावी, पाइपात पाचोळा अडकला तर कुणाला दिसणार नाही आणि वहिनींचं तूसही आत जाऊन कळणार नाही. आवाज चढले. शेवटी वहिनींनी निकाल दिला: यंदा पाइप, म्हणजे पाणी आणि वहीतली तारीख चुकणार नाही. पुढच्या दिवाळीत चाकरमानी आले की चिरेबंदी. चिऱ्याच्या गाडीचे पैसे जमलेत, पण चुन्यातलं बांधकाम येणारा गवंडी मिळत नाही.

म्हणून वाचकांना विनंती. दापोली, गुहागर, श्रीवर्धन, अलिबाग या पट्ट्यात चुन्याचं काम केलेला कुणी गवंडी तुमच्या माहितीत असेल तर मला कळवा. वय झालं असेल तरी चालेल. त्यांनी खुर्चीत बसून चुना कसा मळायचा एवढं सांगितलं तरी पुरे, घमेली उचलायला माणसं आहेत. जाण्या-येण्याची आणि राहण्याची सोय मंडळ करेल.