हो, मला चाळीस बघायचं होतं

तुम्ही विचारलंत म्हणून, नाहीतर मी हे लिहिणार नव्हते. जून लागला की कुणी ना कुणी विचारतंच. इंग्लंडातल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर, ऑफिसात चहाच्या मशीनपाशी, मुलीच्या शाळेच्या फाटकात. "तुम्ही हवामानवाले लोक इथे चाळीस अंश यावं म्हणून देव पाण्यात घालूनच बसलेले असता ना?" विचारणारा हसत विचारतो, मीही हसून वेळ मारून नेते. विचारणारा मराठी असला तर त्याला जोडून हमखास पुढचं येतं: "आणि तू तर अकोल्याची! तुला कसलं आलंय चाळिसाचं कौतुक?"

म्हणजे एकाच दमात मी उन्हाला चटावलेली आणि उन्हाला घाबरणारीही. काय ते एक ठरवा, मग बोलू, असं म्हणावंसं वाटतं. पण दोन्हींत तथ्य आहे, तीच तर पंचाईत.

आधी एक गोष्ट मिटवू. चार्ट बघितल्यानं ऊन येत नाही. अमेरिकेचं जीएफएस हे हवामानाच्या अंदाजाचं संगणकी मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि पुढच्या सोळा दिवसांचं आभाळ मांडून ठेवतं. रेडिंगच्या युरोपियन केंद्राचं मॉडेल संध्याकाळी सातच्या आसपास उघडायला लागतं. मॉडेलच्या प्रत्येक फेरीला आम्ही 'रन' म्हणतो. रात्री साडेदहाच्या सुमाराला येतो तो जीएफएसचा 'पब रन'. त्या वेळी मॉडेलही दोन ग्लास लावून बसलेलं असतं, हा आमच्यातला जुना विनोद. ते बघून आम्ही वाद घालतो. अझोर्स बेटांजवळचा 'हाय', म्हणजे जास्त दाबाचा पट्टा, पूर्वेला किती सरकेल, पोर्तुगालजवळचा 'लो', म्हणजे कमी दाबाचा, कुठे अडकून बसेल, स्पेनवरची तापलेली हवा आपल्याकडे येईल की फ्रान्सवरून जर्मनीला निघून जाईल. दीड किलोमीटर उंचीवर किती अंश दाखवतंय ते बघायचं. कडकडीत उन्हाच्या दिवशी त्यात पंधरा-सोळा मिळवले की जमिनीवरचा आकडा साधारण कळतो. बस, एवढाच उद्योग. त्यानं ढगाचं टोकसुद्धा हलत नाही.

हे सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा शांतपणे म्हणतो, "ते ठीक आहे, पण तुला हवं असतं ना?"

हो. असतं.

का, ते कळायला विक्रमांचा हिशेब माहीत हवा. ब्रिटनमध्ये १९११ च्या ऑगस्टमध्ये ३६.७ अंश झालं, तो आकडा जवळपास ऐंशी वर्षं कुणी हलवला नाही. १९९० मध्ये चेल्टनमला ३७.१. २००३ मध्ये फॅव्हरशॅमला ३८.५. २५ जुलै २०१९ ला केंब्रिजच्या बोटॅनिक गार्डनमध्ये ३८.७. विक्रम असे कणाकणानं सरकतात. अशा देशात तुम्ही रोज तापमान बघत असाल आणि तुमच्या हयातीत चाळीस होण्याची शक्यता दिसायला लागली, तर जीव गुंततो. त्यात क्रूरपणा नाही. म्हणजे, मला तो दिसत नाही.

२०१९ च्या त्या दिवशी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "यांचा विक्रम म्हणजे आमचा मार्च महिना." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. तो मेसेज अजून आहे, कुणीतरी दर उन्हाळ्यात वर काढतं. ती लिहिणारी मी एसी असलेल्या ऑफिसात बसले होते. तिला आज विचारावंसं वाटतं, बाई, त्या रात्री केंब्रिजमध्ये माळ्यावरच्या खोलीत कोण झोपलं होतं ते माहीत होतं का तुला? ती म्हणेल, आकडा चुकला होता का माझा? नव्हता. अकोल्यात मार्चमध्ये पारा अडतिसाच्या पुढे जातो. तिच्याशी वाद घालून मी अजून जिंकलेली नाही.

आता जुलै २०२२. याच्याबद्दलच तुम्ही विचारत असता, नाव न घेता.

बाबा जूनअखेरीस आमच्याकडे पीटरबरोला आले होते. जन्म एसटीत कंडक्टरकीत गेला. मे महिन्यातल्या दुपारच्या फेऱ्या, पत्र्याची गाडी, खिडकीतून येणारी झळ. ते आले आणि आठवडाभरात जीएफएसनं दहा-बारा दिवस पुढचं एक चित्र दाखवलं: इंग्लंडवर चाळीस आणि त्याच्याही वर. कुणी मनावर घेतलं नाही. एवढ्या पुढचं जीएफएस कोण धरतं? पण पुढच्या रनमध्ये ते परत दिसलं, मग गायब झालं, मग परत आलं. युरोपियन मॉडेलचा एन्सेम्बल, म्हणजे जरा जरा वेगळ्या सुरुवातीचे एक्कावन्न अंदाज. म्हणजे एकाच प्रश्नावर एक्कावन्न भाऊबंदांना वेगवेगळं गाठून विचारायचं. त्यातले एरवी कधी एकमेकांशी पटवून न घेणारे हळूहळू एकाच बाजूला जायला लागले. मेट ऑफिसनं, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्यानं, २०२० मध्ये २०५० च्या जुलैचा एक कल्पित अंदाज तयार केला होता. आमच्यातल्या एकानं तो नकाशा शोधून काढून या नकाशाशेजारी ठेवला. अठ्ठावीस वर्षं आधीच आलेलं ते चित्र बघून रात्री झोप लागली नाही. भीतीनं की उत्सुकतेनं, ते तुम्ही विचारू नका. मला वेगळं काढता येत नाही.

१५ जुलैला उष्णतेसाठीचा पहिलावहिला रेड अलर्ट निघाला, सोमवार आणि मंगळवारसाठी. त्याच्या आधीच मी कामाला लागले होते. दक्षिणेकडच्या काचांना बाहेरून पांढऱ्या चादरी, आतून ॲल्युमिनियम फॉइल, फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या. बाबा खुर्चीत बसून बघत होते. "अवं बाई, हे कायचं ऊन? मे महिन्यात अकोला–मूर्तिजापूर फेरी मारली असती तं समजलं असतं."

सोमवारी मी सकाळी आठलाच खिडक्या बंद केल्या. दुपारी वर जाऊन बघते तर त्यांनी सगळ्या उघडलेल्या. "कायले लावतं? हवा येऊ दे न." त्यांचंही बरोबर होतं. अकोल्यात खिडकीत कूलर असतो, कूलरला दुसरीकडून वाट लागते, बंद घरात तो नुसता ओल धरतो. इथे कूलर नाही, आणि बाहेरची हवा सदतीस. मी खिडक्या लावायची, ते उघडायचे. शेवटी मी आवाज चढवला आणि ते गप्प बसले. बाबांवर आवाज चढवायची आमच्या घरात रीत नाही.

रात्री खाली ओट्याजवळ गादी घातली तर म्हणाले, मी काय पाहुणा आहे का स्वयंपाकघरात झोपायला. वर गेले. त्या खोलीत रात्री एक वाजता एकतीस अंश होतं. जुलैत इथे सोळा तास ऊन असतं. पहाटे पाचपासून रात्री नवापर्यंत विटा तापत राहतात आणि मग रात्रभर ती ऊब आत सोडतात. गच्ची नाही. असती तर सगळेच वर जाऊन पडलो असतो. दीडच्या सुमाराला जिन्यात काहीतरी वाजलं. बाबा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, बनियन अंगाला चिकटलेलं, आणि ओठ पांढरे पडलेले. "डोयापुढं अंधारी येऊन राह्यली."

नवऱ्यानं आणि मी त्यांना धरून खाली आणलं आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसवलं. पाठीला फ्रीजरमधली बाटली टॉवेलात गुंडाळून, मानेवर ओलं फडकं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनवर नर्सनं गोळ्यांची नावं विचारली. रक्तदाबाची एक गोळी शरीरातलं पाणी बाहेर काढणारी होती. ती मला माहीत होती. रोज सकाळी मीच काढून देत होते. कपाळावरून हात फिरवताना वाटलं, त्यांना घाम यायचा थांबलाय की काय, म्हणून मी पुन्हापुन्हा कानामागे बोट लावून बघत होते. होता. थोडा होता. पहाटे चारला ते तिथेच फरशीवर कुशीवर वळून झोपले आणि घोरायला लागले. ते घोरणं मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. का, ते आजही नाही सांगता येणार.

मंगळवारी, १९ जुलैला, नवरा घरी, कारण किंग्ज क्रॉसहून यॉर्क आणि लीड्सकडची गाडी धावणारच नव्हती. इथले रूळ सत्तावीस अंशांच्या हिशेबानं ताणून बसवलेले असतात, आणि उन्हात रूळ हवेपेक्षा वीस अंशांनी जास्त तापू शकतो. बाबा गादीवर, टेबलफॅनसमोर. मी टेबलाशी लॅपटॉप घेऊन. ऑफिसचं काम एका खिडकीत, तापमानाच्या नोंदी दुसरीत. सकाळीच सरेमधल्या चार्लवूडला ३९.१ होऊन जुना विक्रम पडला. एकच्या सुमाराला हीथ्रोचा आकडा आला, ४०.२.

"आलं!" मी म्हणाले. ओरडले नाही, पण म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले. "काय आलं?"

"चाळीस."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं. "झालं तुह्या मनासारखं?"

रागानं नव्हे. कौतुकानंही नव्हे. मी उठले, फडकं बदललं, पाणी दिलं, आणि परत लॅपटॉपशी येऊन बसले. तीननंतर कोनिंग्सबीचा ४०.३ आला. ते आमच्यापासून फार लांब नाही, आमच्याच पूर्वेकडच्या सपाट मुलखात. तो आकडा येईपर्यंत मी जागची हलले नाही. हे सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून सांगितलं.

त्याच दुपारी लंडनच्या पूर्वेला वेनिंग्टनमध्ये गवताची आग घरांपर्यंत पोचली. लंडनच्या अग्निशमन दलाचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळ्यात धावपळीचा दिवस. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटांत इंग्लंडमध्ये सुमारे तीन हजार जादा मृत्यू झाल्याचा सरकारी आरोग्य यंत्रणेचा अंदाज, बहुतेक म्हातारी माणसं. हे वाचलं की कुणी "तुमचं चाळीस" म्हणालं तर मला राग येतो. माझं कसं? मी बघत होते म्हणून घरात बाटल्या गोठलेल्या होत्या, म्हणून फॉइल लागलेलं होतं. शेजारचे आजोबा "१९७६ बघितलंय मी" म्हणत रविवारी बागेत बसले होते. १९७६ ला पंधरा दिवस सलग कुठे ना कुठे बत्तिसाच्या वर होतं हे खरं, पण त्या वर्षीचा कमाल आकडा ३५.९. मी त्यांना हे सांगायला कुंपणाशी गेले, पंखाही देऊन आले. तर बघणाऱ्यांनी काय वाईट केलं?

आणि तरीही रविवारी रात्री पब रनमध्ये आकडा एका अंशानं उतरला तेव्हा मी हिरमुसले होते. बाबा वर झोपलेले असताना. दोन्ही खरं.

अकोल्याचं म्हणाल तर तिथे चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला मीही कधी चार्ट बघितला नाही. तिथे दुपारी बाजार आवरतो, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारतात, डोक्याला उपरणं असतं, सगळ्या गावाला ऊन पाठ असतं. इथे घर बांधलंय ते ऊब धरायला. काचेला बाहेरून झडपा नाहीत. बाबांना चाळिसानं नाही, त्या खोलीतल्या एकतिसानं पाडलं. पण हे बोलून दाखवलं की ते स्वतःच मान्य करत नाहीत. म्हणतात, विमानाचा शीण होता.

२०२५ चा उन्हाळा सरासरीनं ब्रिटनमधला नोंदीतला सगळ्यात गरम ठरला, आणि कमाल आकडा किती? ३५.८, एक जुलैला, फॅव्हरशॅमला. आमच्यात दोन महिने कुरकुर: नुसतं तीस-बत्तीस, दम नाही. मीही केली. रोज रात्री घर तापलेलं असताना केली. चाळिसाची वाट बघण्यात बाकीचं सगळं नजरेखालून निघून जातं, हे कळायला मला सरासरीचा तक्ता लागला. कळल्यावर सुटलं का? पुढच्या रनला मी परत कमाल आकडाच आधी बघितला.

पुढच्या खेपेचं तिकीट काढायचं होतं तेव्हा बाबांचा फोन. "तुह्यं ते मॉडेल काय म्हणते, कधी येऊ?"

मी म्हटलं, बाबा, दहा दिवसांपुढचं त्यात धरता येत नाही.

"मंग कायले पाह्यतं रोज?"

तिकीट आम्ही सप्टेंबरचं काढलं.