दत्तक गावातले वैद्यकीय शिक्षण

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिरासाठी मुक्काम करते आणि वाटून दिलेल्या कुटुंबांच्या संपर्कात पुढेही राहते, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. रक्तदाबाची गोळी मध्येच का थांबली, याचे खरे उत्तर बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत क्वचितच मिळते. बुडणारी मजुरी, तालुक्याला जाणारी एकुलती एक एसटी, घरातल्या बाईने स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी ठेवणे, हे त्या घरात जाऊन बसल्यावरच कळते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम आता देशभरच्या अभ्यासक्रमात आणला आहे, परंतु सोबत जाणते शिक्षक नसतील तर या भेटी तक्ते भरण्यापुरत्याच उरतील, अशी काळजी मला वाटते.