क्रोनोवर पास झालेली बंदूक

एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे हवेने मारणारी, एकमेकांवर नेम धरायच्या खेळातली बंदूक. तिचा गिअरबॉक्स बंद करून शेवटचा स्क्रू आवळला की गिऱ्हाइकाला वाटतं, झालं काम. माझा अर्धा वेळ त्यानंतर जातो.

त्या दिवशी टेबलावर एम-फोर धाटणीची इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट होती. व्हर्जन दोन प्रकारचा गिअरबॉक्स (यात मोटर पिस्टन मागे ओढते, स्प्रिंग तो पुढे फेकते आणि सिलिंडरातली हवा छऱ्याला नळीतून ढकलते), पुढे जेमतेम २५० मिलिमीटरची आखूड नळी. मालक कॉलेजातला पोरगा, सुटे भाग स्वतःच निवडून घेऊन आलेला: एम१०० स्प्रिंग, बेअरिंगवाला स्प्रिंग गाइड, आत ओ-रिंग असलेलं नोझल, छऱ्याला उलटी फिरकी देणारं नवं हॉप-अप रबर, ६.०३ मिलिमीटर व्यासाची नळी आणि कुठेही छिद्र नसलेला पूर्ण सिलिंडर. हा शेवटचा भाग बघून मी म्हटलं, एवढ्याशा नळीला एवढी हवा कशाला? "दादा, आधी बसवा, मग बघू," असं त्याचं उत्तर. बसवलं.

गिअरबॉक्स बंद करण्याआधी एक गोष्ट मी कधी सोडत नाही. सिलिंडर, सिलिंडर हेड आणि नोझल जोडायचं, नोझलच्या तोंडावर बोट घट्ट धरायचं आणि पिस्टन आत ढकलायचा. हवा कुठे गळत असेल तर तो बारीक सुस्कारा सोडत शेवटपर्यंत जातो. इथे तो थोडं आत जाऊन अडला, आणि हात सोडल्यावर मागे उसळला. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलेलं होतं तेवढं पुरलं.

मग ७.४ व्होल्टची लायपो बॅटरी जोडली, मॅगझिन न लावता, सिंगलवर, म्हणजे एका दाबाला एकच फेरी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत माझे डोळे कुठेही असोत, कान गिअरबॉक्सपाशी असतात. मोटर थोडी किंचाळत होती. मोटरवरचं पिनियन आणि गिअरबॉक्समधलं बेव्हल गिअर एकमेकांत जास्त रुतले की असा आवाज येतो. मोटर वर-खाली करणारा ग्रिपच्या तळाचा स्क्रू पाव फेरा सैल केला, आवाज खाली बसला. रिकामी बंदूक मी फार वेळ चालवत नाही. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी कमी मिळते आणि तो सिलिंडर हेडवर जोरात आदळतो.

गॉगल चढवले, समोर जाळी लावली, क्रोनो, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, नळीच्या रेषेत धरला. ०.२० ग्रॅमचे छर्रे. ९८, ९७, ९८, ९८, ९९ मीटर प्रति सेकंद. पोराचा चेहरा खुलला, आणि खरं सांगायचं तर माझाही. वेगाच्या मोठ्या आकड्यापेक्षा हे असे एकमेकांना चिकटून आलेले आकडे मला जास्त आवडतात. हवा कुठून निसटत नाही आणि रबर प्रत्येक छर्रा सारखाच धरतं आहे, हे त्यातून कळतं. छऱ्याचा मार, म्हणजे त्याची ऊर्जा, काढायची तर वेगाचा वर्ग, गुणिले किलोग्रॅममधलं वस्तुमान, भागिले दोन: ९८ला ०.९६ ज्यूल. ज्या मैदानावर तो खेळणार होता तिथली मर्यादा एक ज्यूल.

"पास!" तो म्हणाला आणि बंदुकीची पेटी उघडायला लागला.

"खेळतोस कोणत्या छऱ्यांनी?"

"०.३२."

मग पास कसली? हॉप-अप ०.३२ला जुळवून घेतला, कारण रबराचा दाब बदलला की वेगही हलतो, आणि पुन्हा क्रोनो धरला. ८४, ८४, ८५. "बघा, वेग तर कमीच आला," तो म्हणाला. मी कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला. ८४ला ०.३२ ग्रॅम म्हणजे १.१३ ज्यूल. वेग उतरला होता आणि मार वाढला होता.

याला ज्यूल क्रीप म्हणतात. नळीत मावणाऱ्या हवेच्या सुमारे तिप्पट हवा त्या सिलिंडरात होती. हलका छर्रा झटकन बाहेर पडतो, त्याच्यामागची बरीच हवा नुसतीच वाया जाते. जड छर्रा सावकाश हलतो, नळीत जास्त वेळ राहतो, आणि तीच उरलेली हवा त्याला शेवटपर्यंत ढकलत राहते. स्प्रिंगच्या पाकिटावरचा १०० हा आकडा ०.२० ग्रॅमच्या हिशेबाने आणि ढोबळ असतो. यातलं काही तो आकडा सांगत नाही.

पोरगा गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "मैदानावर ०.२०नेच मोजतात, दादा."

मोजत असतील. समोरच्याच्या मानेवर मात्र ०.३२च बसणार. ही बंदूक अशी माझ्या हातून जाणार नाही, एवढंच मी म्हटलं. त्याला वाटलं आता हलकी स्प्रिंग गळ्यात मारणार. तसं करता आलं असतं, पण दोष स्प्रिंगचा नव्हता, उगाच तिला का छाटा? गिअरबॉक्स परत उघडला आणि बाजूला छिद्र असलेला सिलिंडर घातला. पिस्टन त्या छिद्राच्या पुढे सरकेपर्यंत हवा दाबली जात नाही, बाहेर निघून जाते. छर्ऱ्यामागे उरते ती नळीच्या मापाला शोभेल इतकीच.

मग पुन्हा बोटाची चाचणी, पुन्हा मोटरचा आवाज, पुन्हा क्रोनो. ०.२०ने ९६, म्हणजे ०.९२ ज्यूल. ०.३२ने ७७, म्हणजे ०.९५. दोन्ही वजनं जवळजवळ एका रेषेत आली. मागच्या मोकळ्या जागेत नेऊन लांबवर मारून पाहिलं. हॉप जास्त झाला तर छर्रा मध्येच वर उचलला जातो. तसा तो थोडा उचलत होता, म्हणून दोन खाचा कमी केला. त्यानंतर छर्रा सरळ गेला आणि टप्प्याच्या शेवटी सावकाश खाली झुकला.

दोन्ही वजनांचे आकडे कागदावर लिहून त्याच्या हातात दिले. त्याने ते वाचले, काढलेला पूर्ण सिलिंडर खिशात टाकला आणि विचारलं, "लांब नळी लावली तर हा चालेल ना?"

चालेल, म्हटलं. पण ती नळी लावलीस की आधी इथे घेऊन ये.