आपलं ताट

औंढा नागनाथहून निघालेली आमची सहल नांदेडला पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. आम्ही दोन शिक्षक आणि पाचवी ते सातवीची 41 पोरं. पोरांच्या डोक्यात अजून औंढ्याचा नंदीच होता. तिथे तो देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तनातून उठवून मागे पाठवलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा मी सकाळी सांगितली होती.

सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी डोक्याला रुमाल बांधले. गुरू गोविंदसिंगांनी इथेच 1708 मध्ये ग्रंथसाहिबला गुरुपद दिलं आणि देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. एवढं सांगून झालं आणि मग म्हणालो, "त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. सकाळची देऊळ फिरल्याची गोष्टसुद्धा त्यात आहे, नामदेवांच्याच शब्दांत." आतून कीर्तन ऐकू येत होतं. पोरं एकदम गप्प झाली.

मग लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सगळ्यांसाठीचं जेवण. लांब पट्ट्यांवर रांगा धरून बसलो. आमच्या शेजारी एक ट्रक ड्रायव्हर, पलीकडे पंजाबातून आलेलं एक कुटुंब. आधी पंगत, मग संगत, हा शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांचा दंडक. भेटीला आलेल्या अकबर बादशहालाही आधी पंगतीत बसावं लागलं होतं, असं परंपरा सांगते. पंगत हा शब्द आपलाही आहे, पण आपल्या गावांतल्या पंगतींना किती कोपरे असतात ते मला ठाऊक आहे.

ताटं वाटत एक म्हातारे सेवादार आले. रांगेच्या अगदी टोकाला बसलेल्या सहावीतल्या एका पोरानं ताट घेतलंच नाही. दप्तरातून स्वतःचं काढलं. स्टीलचं, कडेला पोचा आलेलं, मागे आजोबांचं नाव कोरलेलं.

मी उठून जवळ गेलो. "हे कशाला आणलंस रे?"

"आज्जीनं दिलं. म्हणली, बाहीर जेवायला जातानी आपलं ताट आपल्यापाशी असू दे. कुणी काही म्हणायला नको."

शाळेतही हा रोज टोकालाच बसतो. दोन वर्षं मी ते पाहत होतो आणि त्याला तिथेच आवडतं असं धरून चाललो होतो. त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवेना.

सेवादारांनी सगळं ऐकलं होतं. ते गुडघ्यावर बसले, त्याचं ताट दोन्ही हातांनी घेऊन दप्तरात नीट सरकवलं आणि लंगरचं ताट पुढे ठेवलं. "पुत्तर, थाली इधर सबको एक ही मिलती है." मग डाळ, भाजी, खीर. परशादा, म्हणजे पोळी, ओंजळ पुढे केल्यावरच हातात पडते.

पोरगं पोटभर जेवलं. नंतर दिसेना म्हणून शोधायला गेलो तर पुढची पंगत बसली होती आणि हा डोक्याचा रुमाल सावरत, त्या बाबांच्या मागोमाग पोळ्यांची टोपली घेऊन येत होता. मघाशी पोरांना वाढण्याच्या नादात माझं जेवण राहिलं होतं. मी खाली बसलो. तो माझ्यापाशी आला तेव्हा मी सवयीनं उजवा हात पुढे केला.

"सर," तो हळूच म्हणाला, "दोन्ही हात."