पोर्टरश: गोल्फच्या गर्दीतून कॉजवेच्या किनाऱ्याकडे

उत्तर आयर्लंडमधील पोर्टरश हे सहा-साडेसहा हजार वस्तीचे गाव. जुलै २०२५ मध्ये तेथे ‘द ओपन’ ही गोल्फ स्पर्धा भरली, तेव्हा पावणेतीन लाखांहून अधिक प्रेक्षक येऊन गेले आणि त्यांत आम्ही दोघेही होतो. यजमानांना गोल्फचे वेड आहे. मला ओढ होती ती मैदानापलीकडच्या किनाऱ्याची.

स्पर्धेच्या काळात गावात खोली मिळणे दुरापास्त असते, म्हणून आम्ही जवळच्या कोलरेनमध्ये मुक्काम केला. तेथून आगगाडी पाव तासाच्या आत पोर्टरशला पोचते आणि स्थानक गावाच्या मध्यावरच असल्याने भाड्याच्या गाडीची गरज भासत नाही. व्हिसा मात्र नीट तपासून घ्यावा. डब्लिनहून येताना सीमेवर कोणी अडवत नाही, पण उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असल्यामुळे केवळ आयर्लंडचा साधा व्हिसा पुरत नाही. चलनही पौंड लागते.

स्पर्धेच्या गोल्फ मैदानाला डनलूस हे नाव ज्या किल्ल्यावरून पडले, तो गावापासून पाचेक किलोमीटरवर समुद्रात घुसलेल्या कड्यावर उभा आहे. आज भिंतीच उरल्या असल्या, तरी मॅकडॉनेल घराण्याचा तो एके काळचा दरारा त्या भिंतींवरूनही कळतो. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातील ‘जिरोना’ हे जहाज याच किनाऱ्यावर फुटले, त्यावरील सुमारे १,३०० माणसांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली, आणि समुद्रातून काढलेल्या त्याच्या तोफा या किल्ल्यावर चढवल्या गेल्या.

सर्वाधिक वेळ द्यावा तो जायंट्स कॉजवे या दगडी खांबांच्या किनाऱ्याला. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला भेगा पडून सुमारे ४०,००० खांब तयार झाले. त्यांतले बहुतेक षट्कोनी आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या माणसाला हा काळा कातळ परका वाटत नाही. फरक इतकाच की तेथे मान वर करून खांब पाहावे लागतात, तर येथे त्यांच्या माथ्यांवरून चालत थेट लाटांपर्यंत जाता येते. काही माथे वाटीसारखे खोलगट असतात, त्यांत रात्रीच्या पावसाचे पाणी साचलेले असते आणि शेजारचाच माथा फुगीर निघतो. कड्यात मधूनच लाल मातीचा पट्टा दिसतो. सह्याद्रीच्या घाटातही लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असाच तांबडा थर आढळतो, हे आठवून मी तेथे बराच वेळ रेंगाळले.

एका गोष्टीचे वाईट वाटले. खांबांच्या फटींत पर्यटकांनी नाणी ठोकून बसवली आहेत, ती गंजून फुगतात आणि कातळाचे कपचे उडवतात. दगडावर उतरलेले गंजाचे ओघळ मी जवळून पाहिले. नवसासाठी असो वा आठवणीसाठी, कृपा करून तेथे नाणे ठेवू नये.

कॉजवेच्या दगडांवर पायी जाण्यास तिकीट लागत नाही. शुल्क वाहनतळाचे आणि माहिती केंद्राचे असते. दुपारी बसगाड्या भरभरून येतात, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. जुलैत रात्री साडेनऊलाही चांगला उजेड असतो. पाण्यालगतचे काळेभोर ओले खांब अतिशय निसरडे असतात, तेव्हा घट्ट पकडीचे बूट घालावेत आणि लाटांकडे पाठ करून छायाचित्रे काढू नयेत.

कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल सामन मासे पकडणाऱ्या कोळ्यांनी प्रथम १७५५ मध्ये बांधला. समुद्रापासून सुमारे तीस मीटर उंचीवरचा हा वीस मीटरचा दोरपूल जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. पहिल्या दिवशी आम्हांला परतावे लागले, दुसऱ्या दिवशी ओलांडता आला. तेव्हा वेळ ठरवून तिकीट काढताना हाताशी एक दिवस जादा ठेवावा. डार्क हेजेस या रस्त्यावरची बीच वृक्षांची कमान मला सर्वांत कमी भावली, कारण बरीच झाडे पडली आहेत. वेळ अपुरा असेल तर ते ठिकाण वगळावे.

स्पर्धा रविवारी संपली, सोमवारी बेलफास्टचे अल्स्टर संग्रहालय बंद असते, म्हणून आम्ही मंगळवारपर्यंत थांबलो. तेथे प्रवेश विनामूल्य आहे. ‘जिरोना’वरून मिळालेला, माणके जडवलेला सोन्याचा पंखधारी सरडा तेथेच ठेवला आहे, बोटाएवढाही नाही, पण डनलूस पाहून आल्यावर त्याच्यासमोरून पाय निघत नाही.