दोन पातेल्यांतला भात

त्या दुपारी मी भात परत घ्यायला गेले नसते तर मला काही कळलंच नसतं.

इराणमधल्या यज्द शहरातलं घर. गालिच्यावर सोफ्रे अंथरलेलं, म्हणजे जेवायला बसताना जमिनीवर घालतात ती लांब चादर. मधोमध भाताचं मोठं ताट, घोरमे सब्जीचं, म्हणजे पालेभाज्या, राजमा आणि मांसाच्या रश्श्याचं भांडं, घट्ट दही, मुळे आणि पुदिन्याची जुडी, संगक रोटीचे तुकडे. माझ्या पानात भात आधीच वाढलेला होता. वर केशराच्या पाण्याचा शिडकावा आणि काठाला तहदीग. तहदीग म्हणजे आपली खरवडच, पण ती इथे तेला-तुपात मुद्दाम सोनेरी होऊ देतात आणि पाहुण्याच्या पानात आधी पडते. पहिल्या घासालाच वास आला. अगदी आंबेमोहोराचा नव्हे, पण त्याच घराण्यातला. पानातला भात संपला तसा मी डाव उचलून मधल्या मोठ्या ताटाकडे हात नेला, आणि काकूंनी माझं मनगट धरलं.

"ना, ना!" त्या उठल्या, आत गेल्या आणि एक छोटं पातेलं घेऊन आल्या. तळाशी जेमतेम एका माणसाला पुरेल एवढा भात होता.

मला समजेना. मी त्यांच्या मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून मराठीत म्हणाला, "ताई, तो नको घेऊ. तो आमचा रोजचा आहे. हिंदी तांदूळ."

हा मुलगा पुण्यात चार वर्षं आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी खूप असायचे, आमच्या गल्लीतच तीन-चार होते. हा फार्मसी शिकायला आलेला. तापाने फणफणला तेव्हा माझ्या आईने त्याला आठवडाभर मऊ भात आणि मेतकूट खाऊ घातलं, तेव्हापासून तो तिला आईच म्हणतो. आता यज्दमध्ये एका औषधांच्या दुकानात काम करतो. फारसीत औषधांच्या दुकानाला दारूखाने म्हणतात. आपण अजून दवादारू म्हणतो त्यातली दारू ती हीच.

भारतीयांना इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून पंधरा दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, विमानाने येणाऱ्यांनाच आणि सहा महिन्यांतून एकदाच, असा तेव्हाचा नियम होता. बातमी वाचली त्या रात्री मी त्याला मेसेज टाकला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, कारण तिथे तेव्हा व्हॉट्सॲप बंद होतं आणि आधी फिल्टरशेकन चालू व्हावं लागायचं. व्हीपीएनला, म्हणजे बंदी चुकवणाऱ्या ॲपला, ते हाच शब्द वापरतात. "ये. बाकरवडी आण," एवढंच त्याने लिहिलं होतं. तासाभराने दुसरा मेसेज आला. "आणि जमलं तर माझ्या आईचे डोळ्यांचे थेंब."

तेहरान आणि इस्फहानबद्दल मी फार लिहिणार नाही. नक्श-ए-जहान चौकात संध्याकाळी बसून राहिले, तेहेतीस कमानींचा पूल दोनदा चालून आले, आणि ते सगळं फोटोत आहे त्याहून सुंदर आहे. पण त्या सगळ्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती : पैसे. आपल्याकडचं कुठलंच कार्ड इराणमध्ये चालत नाही. एटीएम समोर असतं आणि तुमच्यासाठी ती नुसती भिंत असते. पंधरा दिवसांचे सगळे डॉलर अंगावर घेऊन फिरायचं. आईने शिवून दिलेल्या चोरखिशात ते होते आणि मी रोज रात्री दाराला कडी लावून मोजत होते. तेहरानच्या हॉटेलवाल्याने खोलीचं भाडं डॉलरमध्येच हवं म्हणून अडवलं, तेव्हा मला रडू आलं. एका खोलीच्या भाड्यावरून रडू येण्याचं कारण नव्हतं, पण परक्या गावात पैसे संपले तर कुणाकडून मागवता येणार नाहीत, या जाणिवेने पोटात खड्डा पडतो. मला पंधरा दिवस सोसायचं होतं. तिथल्या माणसांना त्यांच्याच देशात राहून जगाशी सगळा व्यवहार असाच करावा लागतो.

फिरदौसी चौकात डॉलर मोडले. त्या आठवड्यात एका डॉलरला साडेपाच लाख रियालच्या वर भाव होता. हातात आलेली दहा लाखांची नोट मी बराच वेळ बघत राहिले. तिच्यावर '१००' ठळक छापलंय आणि पुढची चार शून्यं इतकी फिकट की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत. सरकारला चार शून्यं काढायची होती, तोवर ती अशी पुसट करून ठेवली होती. लोक बोलतात तोमानमध्ये, म्हणजे एक शून्य आधीच गेलेलं, आणि बाजारात 'सद तोमान' म्हणाले की शंभर नव्हे, शंभर हजार समजायचं. ही नोट तेव्हा आपल्या साधारण दीडशे रुपयांची होती.

यज्दला मी रात्रीच्या रेल्वेने गेले. तो स्टेशनवर घ्यायला आला होता, जुन्या प्यूजो गाडीत. फ्रेंच कंपन्या २०१८ मध्ये निघून गेल्या, तेव्हापासून सुटा भाग मिळाला तर नशीब, असं तो म्हणाला. रस्त्यावर नव्या चिनी गाड्याही बऱ्याच दिसल्या. पेट्रोल मात्र तेव्हा कोट्याबाहेरचंसुद्धा तीन हजार तोमान लिटर होतं, म्हणजे आपले साडेचार रुपये. पिण्याच्या पाण्याची बाटली त्याहून महाग पडायची.

नौरोज, म्हणजे इराणी नववर्ष, तीन आठवड्यांवर आलेला, त्यामुळे घरोघरी खाने-तकानी चालली होती. शब्दशः घर हलवणं, आपली दिवाळीआधीची साफसफाईच. गच्चीवर गालिचे वाळत होते. काकू दारातच गळ्यात पडल्या. मी बर्फाच्या पिशवीतून थेंबांच्या तीन बाटल्या काढून दिल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. काकूंना काचबिंदू आहे. त्यांनी बाटल्या दोन्ही हातांत घेतल्या, कपाळाला लावल्या आणि फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात एकामागे एक उभ्या केल्या. मग फ्रिज पुन्हा उघडून पाहिला.

आणि तासाभरात तो भात.

इराणी माणसाला गिलानचा तांदूळ म्हणजे जीव की प्राण. कॅस्पियन समुद्राकाठी पिकतो, त्याचा घमघमाट जिन्यापर्यंत येतो. पूर्वी या घरात तोच शिजायचा. मी गेले तेव्हा त्याचा भाव आपल्याकडून जाणाऱ्या तांदळाच्या जवळजवळ दुप्पट होता, म्हणून रोजच्या पोलोपजमध्ये, त्यांच्या भाताच्या कुकरमध्ये, हिंदी तांदूळ लागतो आणि गिलानचा सणाला. काकूंनी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात तो शिजवला होता. सगळ्यांच्या पानात हरियाणा-पंजाबातला बासमती आणि त्याच हिंदुस्तानातून आलेल्या पाहुणीच्या पानात गिलानचा. पुन्हा पाहिलं तेव्हा दिसलं, मांसाचे तुकडेही बहुतेक माझ्याच वाटीत होते. नातीच्या वाटीत नुसता राजमा आणि रस्सा होता.

"मी हिंदीच आहे, मला हिंदीच वाढा," असं मी म्हणाले. सगळे हसले, काकू हसल्या नाहीत. त्यांना लाज वाटली होती, आणि ती मी उघडी पाडली होती. माझा घास घशात अडकला. शेवटी काकांनी छोटं पातेलं ओढून घेतलं आणि प्रत्येकाच्या पानात एकेक चमचा वाढला. नातीला दोन.

काका निवृत्त शिक्षक आहेत. चहा आला, खडीसाखर दातात धरून त्यांनी दोन घोट घेतले आणि मला, मुलाकडून भाषांतर करवून, विचारलं, "तुम्हीही थांबलात ना?"

प्रश्न आपण इराणचं तेल घेणं थांबवलं त्याबद्दल होता. मला तो कळला होता, तरी मी मुलाला पुन्हा सांगायला लावलं.

काका रागावून बोलत नव्हते. वर्गात फळ्यावर लिहून समजावतात तसं बोलत होते. २०१५ च्या जुलैत व्हिएन्नाला अणुकरार झाला, म्हणजे इराणने अणुकार्यक्रम आवरायचा आणि अमेरिकेसह इतरांनी निर्बंध उठवायचे असं ठरलं, त्या रात्री लोक रस्त्यावर नाचले, हेही नाचले. तेव्हा डॉलर तेहेतीस हजार रियालच्या आसपास होता. ८ मे २०१८ ला अमेरिका करारातून बाहेर पडली. तहरीम परत आली. निर्बंधांना तिथे तहरीम म्हणतात आणि हा शब्द भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हिंदुस्तान तेल घेत होता. इराक-सौदीनंतर सर्वांत जास्त तेल आपण यांच्याकडून घ्यायचो, पैसे रुपयांत युको बँकेत जमा व्हायचे, आणि त्याच रुपयांतून हे आपला बासमती, आसामचा चहा, औषधं आणि औषधांचा कच्चा माल घ्यायचे. २०१८-१९ मध्ये आपल्या बासमतीच्या निर्यातीतला साधारण एक तृतीयांश माल एकट्या इराणला गेला. या व्यवहारात डॉलर कुठेच नाही. तेल गेलं की तांदूळ आला. २ मे २०१९ ला इराणचं तेल घ्यायला अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि आपण तेल घेणं बंद केलं. खात्यातले रुपये आटत गेले. आपल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांची बिलं अडकली आणि इथे या घरात रोजच्या तांदळाचाही हिशेब सुरू झाला.

"२०१६ मध्ये तुमचे पंतप्रधान तेहरानला आले होते," काका म्हणाले. "चाबहारचा करार झाला. मी वर्गात मुलांना नकाशावर बंदर दाखवलं होतं."

मी काय बोलणार? आमच्यावरही दबाव होता, असं मी पुटपुटले. ते खरंच आहे, पण त्या सोफ्र्यावर ते फार थिटं वाटलं. आपल्याकडे या विषयावर बोलताना आपण देशांची नावं घेतो, अमुक देश याच्या बाजूला गेला, तमुक त्याच्या. मीही तशीच बोलायचे. तो निर्णय शेवटी एका बाईच्या दोन पातेल्यांत येऊन पडतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्याचा मनापासून त्रास झाला, अजून होतो.

टीव्हीवर १ मार्चच्या मजलिस, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीचा प्रचार आणि मधूनमधून नव्या मैत्रीच्या बातम्या. २०२३ च्या मार्चमध्ये बीजिंगला सौदीशी समेट, त्याच जुलैत शांघाय संघटनेचं सदस्यत्व, २०२४ च्या १ जानेवारीपासून ब्रिक्समध्ये प्रवेश. "यातलं तुमच्या दुकानापर्यंत काय आलं?" मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "संध्याकाळी ये, बघ."

गेले. दोन तास काउंटरमागच्या स्टुलावर बसून होते. एक आजोबा आले आणि रिकामं खोकं काउंटरवर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. खोक्याच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या, इतक्या दुकानांत ते दाखवून झालं असावं. मुलाने ते उलटंसुलटं केलं, आतल्या कपाटात पाहून आला आणि म्हणाला, "नीस्त." नाही. आजोबांनी खोकं नीट घडी घालून परत खिशात ठेवलं. त्या दोन तासांत मी 'नीस्त' नऊ वेळा ऐकलं. कागदोपत्री औषधांवर निर्बंध नाहीत, हे त्यानेच मला आधी सांगितलं. बहुतेक गोळ्या इराणमध्येच बनतात. पण कच्चा माल बाहेरून यायचा, आणि पैसे पाठवायला कुठली बँक हात लावत नाही. औषध वैध, त्याची किंमत चुकवायची वाट बंद. काकूंचे थेंब कधी मिळतात, कधी दोन-दोन महिने मिळत नाहीत. फार्मासिस्टच्या आईची ही गत.

यज्दचं जरथुश्त्री, म्हणजे पारशांच्या धर्माचं, अग्निमंदिरही पाहिलं. तिथला अग्नी इसवी सन ४७० पासून तेवत असल्याचं सांगतात, आणि आजची इमारत १९३४ मध्ये हिंदुस्तानातल्या पारशांच्या देणग्यांतून उभी राहिली. आपल्या मुंबई-पुण्याचे इराणी हॉटेलवाले याच यज्द-केरमानच्या बाजूचे. संकटात तिकडून माणसं आपल्याकडे आली, आपल्याकडून तिकडे पैसे गेले, आणि बँकेने कुणाला अडवलं नाही. हौदाच्या काठाशी मी बराच वेळ त्याच विचारात उभी होते.

निघताना काकूंनी कोत्ताबचा, म्हणजे तिथल्या बदामाच्या मिठाईचा, डबा आणि एक किलो गिलानचा तांदूळ आईसाठी दिला. मी नको म्हटलं, तीनदा. तिथे तीनदा नको म्हणणं ही रीत आहे, पण मी खरंच नको म्हणत होते. त्यांनी तो बॅगेत सगळ्यात खाली, कपड्यांच्याही खाली दडवला.

मी परतल्यावर नौरोज झाला. त्याने फोन केला, आईशी मराठीत बोलला. मग काकू आल्या आणि फ्रिजचा खण कॅमेऱ्यासमोर धरला. दोन बाटल्या उभ्या, तिसरी उघडलेली. उघडल्यावर एक बाटली महिनाभर चालते, म्हणजे तीन बाटल्या मेच्या अखेरीपर्यंत पुरणार होत्या. तेव्हाच्या नियमाने मला बिनव्हिसाचं परत जाता येणार होतं ते ऑगस्टच्या शेवटी. मध्ये जून आणि जुलै होते, आणि ऑगस्टही जवळजवळ सगळा. पुण्या-मुंबईहून कुणी तिकडे जाणार असेल तर मला जरूर कळवा. थेंबांची पिशवी अगदी लहान आहे, बर्फासकट हातात मावते.