चीक लागलेलं पुस्तक

आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे स्टाफरूमच्या भिंतीला लागून उभी असलेली तीन गोदरेजची कपाटं. गाव चोपडा तालुक्यातलं, अर्ध्या शिवारात केळी, उरलेल्यात कपाशी. स्वतंत्र ग्रंथपाल नाही. मी भूगोल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ग्रंथालयाचा 'चार्ज' माझ्याकडे आला, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, दाखल नोंदवही आणि आधीच्या सरांचा सल्ला: "कुलूप काढू नका. पुस्तक गेलं तर तुम्हालाच भरून द्यावं लागेल."

सर मनाने वाईट नव्हते. पडताळणीत कमी भरलेल्या अकरा पुस्तकांचे पैसे त्यांनी एकदा खिशातून भरले होते. मुलं वाचत नाहीत म्हटलं की लोक मोबाईलवर खापर फोडतात. मला विचाराल तर निम्मा दोष या नोंदवहीचा. पुस्तक दहा वर्षं कुणी उघडलं नाही तर एका शब्दाने कुणी विचारत नाही. हरवलं की चौकशी.

त्या वर्षी 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घातला. पुस्तकं उपयोगासाठी असतात, हा त्यांचा 1931 सालचा पहिला नियम मीच भाषणात सांगितला. फोटो ठेवला होता कपाटापुढच्या टेबलावर. मागे कुलूप. सातवीतली एक मुलगी माझ्याकडे न बघता त्या कुलपाकडे बघत होती. भाषण मी आवरतं घेतलं.

मग पत्र्याच्या जुन्या पेट्या काढल्या. पाचवी ते नववी, प्रत्येक वर्गाला एक पेटी, पेटीत तीस पुस्तकं. देवघेवीची वही मुलांच्याच हातात. दर शनिवारी पेट्या वर्ग बदलतात. सहावीच्या वहीत पुस्तकांच्या नावांचं शुद्धलेखन बघण्यासारखं असतं, पण तारखा चोख. कपाशीच्या वेचणीत निम्मा वर्ग रिकामा होतो, तेव्हा हीच पुस्तकं शेताच्या बांधावर जातात. पहिल्या वर्षी नऊ हरवली. त्यातली पाच पुढे दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून परत आली.

आठवीतला एक मुलगा पक्ष्यांवरचं पुस्तक घेऊन आला, ते पाठीमागे लपवूनच. "सर, चीक लागी गया." वडिलांबरोबर केळी कापायला गेला होता, हात न पुसताच पानं उलटली. खंड्याच्या चित्रावर अंगठ्याएवढा काळा डाग. आमच्याकडे प्रत्येकाच्या एका तरी शर्टावर असा डाग असतो. कितीही धुवा, जात नाही. मी रागावणार, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "सर, चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो, मग काळा का पडतो?"

वीस वर्षं केळीच्या गावात राहतोय, मला हे कधी सुचलं नव्हतं.

त्याला मराठी विश्वकोश काढून दिला. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या खानदेशातल्या पिंपळनेरचे, हे सांगायचा मोह आवरला नाही. त्याला त्याचं काही पडलं नव्हतं. तो केळीच्या नोंदीत बुडाला. मधली सुट्टी संपली तरी उठेना. त्याचे वडील ज्या पिकावर घर चालवतात त्यावर एवढ्या जाड ग्रंथात छापलेलं आहे, याचंच त्याला अप्रूप. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन तो विज्ञानाच्या मॅडमकडे गेला. त्यांनी वांगं चिरून ठेवलं. तास संपेपर्यंत फोड तपकिरी. चिकातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणून रंग बदलतो, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं. ऑक्सिडीकरण हा शब्द एरवी पाठ करून घ्यावा लागतो. या वर्गाला यंदा तो विचारावा लागला नाही.

गेल्या महिन्यात पडताळणी झाली. चार पुस्तकं कमी निघाली, त्यांचे पैसे मी भरले. पक्ष्यांचं पुस्तक हातात घेऊन तपासणाऱ्यांनी विचारलं, "हे खराब झालंय, बाद करायचं का?" मी नको म्हटलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पान 41 वर डाग.' ते गेल्यावर मी पुढे पेन्सिलीने लिहिलं, 'केळीचा चीक.'